खण्ण म्हणजे रिकामी

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. गेली कित्येक वर्षं माझ्या नळीत कोळिष्टकांशिवाय काही भरलेलं नाही. पण एके काळी मनोरच्या पलीकडच्या पाड्यावर माझा मोठा रुबाब होता, आणि थोडी फुशारकी मारायचा हक्क म्हातारपणी सगळ्यांनाच असतो.

माझी लोखंडी नळी आणि अक्रोडाचा दस्ता दूर मुंगेरच्या एका कारखान्यात जुळले. तिथून रेल्वेने प्रवास करत मी पालघरच्या एका दुकानात येऊन भिंतीला टेकले. माझ्या शेजारी काडतुसाची एक दुनळी होती. ती मधोमध मोडायची, काडतूस गिळायची आणि खटकन बंद व्हायची. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडेच जायचं. मी मनातल्या मनात जळायचे, हे कबूल करते.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालच्या भाद्रपदात सुका आणि त्याचा तरणा मुलगा जिवल्या दुकानात आले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं भाताचं आणि नागलीचं शेत होतं, आणि कणसं भरली की रानडुकरं एका फेरीत शेताची वाट लावायची. म्हणून राखणीपुरता परवाना त्यांना मिळाला होता. त्यावर बापाबरोबर मुलाचंही नाव होतं.

जिवल्याने दुनळी उचलली ती खाली ठेवीना. "बा, हीच घेव. कशी झटकन भरते."

"झटकन भरते नं झटकन मारते," सुका म्हणाला. "आपल्याला डुकराला मारायचा नाय, उठवायचा हाय. काडतुसात भरलेला तेवढा सगळाच उडतो. हिच्यात दारू किती घालायची ती मी ठरवीन. छर्रे नाय घातले तरी चालतील."

मग त्याने ठासणीच्या बंदुका एकेक करून उभ्या धरल्या. ठासणीचा लोखंडी गज प्रत्येकीच्या नळीत वरून सोडला आणि कान लावला. पहिलीचा आवाज बद्द आला, दुसरीचा खरखरीत. माझ्या नळीत गज पडला आणि आतून "खण्ण" असा आवाज उमटला. सुकाचा चेहरा उजळला.

"ही खरा बोलते," तो म्हणाला, आणि मी त्याच्या खांद्यावर चढले.

मित्रांनो, मला दोनच शब्द येतात. बार उडतो तेव्हा ओरडते ती दारू, मी नव्हे. माझे शब्द गज टाकल्यावर ऐकू येतात. नळी रिकामी असेल तर गज थेट लोखंडी तळावर आदळतो आणि मी "खण्ण" म्हणते. आधीच दारू आणि चिंध्या ठासलेल्या असतील तर गज त्यांच्यावर पडतो आणि मी "ठप" म्हणते. सुकाचा नेम होता, भरण्याआधी गज टाकायचा आणि मला विचारायचं. भरलेल्या नळीवर दुसऱ्यांदा दारू ठासली तर नळी फुटते आणि धरणाऱ्याचा हात, डोळा, कधी जीवही घेऊन जाते.

पुढची दहा-बारा वर्षं सुखाची गेली. पीक उभं असलं की सुका बांधावर उभा राहून आभाळाकडे नुसता बार काढायचा आणि डुकरं नाल्यापलीकडे पळायची. पाड्यावरचे लोक म्हणायचे, सुकाच्या बंदुकीने आमचीही शेतं राखली. निवडणूक आली की सगळ्यांबरोबर मलाही मनोरच्या पोलीस ठाण्यात जमा करायचे. तिथे तालुक्यातल्या बंदुका भेटायच्या. ते आमचं माहेरपण समजा.

पण बाराच्या इतक्या आरोळ्या कानाशी घेऊन सुकाचे कान विझत चालले होते. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी काही बोललं की तो ओठांकडे बघायचा आणि मान हलवायचा. घरच्यांना वाटायचं, म्हातारा मितभाषी झाला. जिवल्याच्या बायकोला, कमळीला मात्र शंका होती. पण सासऱ्याला तोंडावर बहिरा कोण म्हणणार?

एका आश्विनात भात पिवळं पडू लागलं होतं. पहाटे नाल्याकडे खसफस झाली म्हणून जिवल्याने मला भरलं. डुकरं काही आली नाहीत. तेवढ्यात बोईसरच्या कारखान्यात मजूर नेणारी जीप आली आणि ड्रायव्हर ओरडू लागला, "जल्दी कर, पाळी चुकेगी!" जिवल्याने माझी टोपी, म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी ती तांब्याची टिकली, काढली, मला कुडाला टेकवलं आणि अंगणापलीकडून बापाला सांगितलं, "बा, भरलेली हाय गा!"

सुकाने मान हलवली.

दुपार कलताना डुकरांची चाहूल लागली. सुका मला घेऊन ओट्यावर बसला. नेमाप्रमाणे त्याने गज टाकला. मी "ठप" म्हणाले. मित्रांनो, यापेक्षा मोठ्याने बोलणं माझ्या हाती नाही. सुका जरा थांबला, मग समाधानाने मान हलवून दारूची शिंगडी उघडली. त्याने दारू ओतली, वर चिंधी ठासली. माझा जीव नळीत गोळा झाला. ज्याने मला इतक्या जणींतून निवडलं त्याचाच घात माझ्या हातून होणार होता.

अंगणात कमळी नागली पाखडत होती. इतक्या वर्षांत तिने मला हात लावला नव्हता, पण माझे दोन्ही शब्द तिला पाठ होते. तिचं सूप थांबलं.

"बा, थांबा!" ती म्हणाली.

सुकाने तिच्याकडे न बघताच मान हलवली, टोपी चढवली आणि बांधाकडे निघाला. कमळी सूप टाकून धावली आणि मागून त्याचं मनगट धरलं. सुनेने हात धरावा हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. सुकाचे डोळे रागाने मोठे झाले. तिने माझी टोपी काढली, गज माझ्या नळीत अलगद सोडला आणि बोट दाखवलं. रिकाम्या नळीत गज काठाशी बरोबर येतो. आता तो चांगला वीतभर वर उभा होता.

सुका बांधावर बसला.

कमळी त्याच्या समोर उकिडवी बसली आणि सावकाश म्हणाली, "कवापासून ऐकायला नाय येत?"

"दोन पावसाळे झाले आसतील," तो खाली मान घालून म्हणाला. "ही बोलली नं मी ऐकला नाय. निस्ती मान हालवली."

दोघांनी माझ्या नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि गजाला मळसूत्र लावून चिंध्या ओढून काढल्या. मग कमळीने सासऱ्याचा पंजा घेतला, माझ्या नळीवर ठेवला आणि गज सोडला. खण्ण. नळीतून निघालेली थरथर त्याच्या हातात शिरली. म्हातारा लहान मुलासारखा हसला. "परत टाक," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो मला हाताने ऐकू लागला. घरातही त्याने उगाच मान हलवणं सोडलं. "नाय ऐकला, परत सांग," असं तो खुशाल म्हणायचा, आणि जिवल्याही आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मग बोलायचा.

नव्वदनंतर सुकाला बांधापर्यंत चालवेना आणि जिवल्याचं सगळं आयुष्य कारखान्याच्या पाळ्यांत गेलं. मला कायमचं जमा करायचं ठरलं. ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "आजोबा, भरलेली नाही ना?"

"नाय ऐकला," सुका म्हणाला, पण त्यांचं बोट माझ्याकडे आहे हे त्याने पाहिलं होतं. त्याने कमळीकडे बघितलं आणि पंजा माझ्या नळीवर ठेवला. तिने गज सोडला.

"रिकामी हाय," सुका म्हणाला. बराच वेळ त्याने हात काढला नाही. हवालदारही घाई न करता थांबले.

आता मी त्याच ठाण्याच्या कोठारात उभी आहे. गज गंजून नळीला चिकटला आहे, तेव्हा माझे शब्द संपले. मित्रांनो, मला कोणी तेलपाणी करावं अशी माझी आशा नाही. तुमच्या घरात मात्र कोणी प्रत्येक गोष्टीला गप मान हलवत असेल, तर जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि परत सांगा. आणि तुम्हालाच कधी ऐकू आलं नाही, तर मान हलवू नका.