खुर्चीची खरडपट्टी

आमच्या टेबलावर एंडाहला टीम लीडर केलं तेव्हा मला राग आला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. कामाला मी तिच्या आधीपासून आहे. पण माझी आई तेगालची, तिकडची माणसं फटकळ, आणि आम्ही राहतो सोलोत. इथे कुणाचा पाय तुडवला गेला तर ज्याचा पाय तोच माफी मागतो. साहेबांना वाटलं असेल, या मुर्नीला लीडर केलं तर आठवड्यात कारखाना रिकामा होईल.

आम्ही बॅडमिंटनची शटल करतो. बुचात बदकाची पिसं गोल खोचायची, दोऱ्याने बांधायची, डिंक लावायचा. एक पीस जरी तिरकं बसलं तरी शटल हवेत झिंगल्यासारखं डुलतं, आणि तपासणीवाला ते खराब मालाच्या टोपलीत भिरकावतो. आमच्या टेबलाची टोपली फार भरायला लागली होती. आम्ही सगळ्याच थोड्याफार ढिल्या पडलो होतो, पण सगळ्यात जास्त तिरकी पिसं बू पार्तींची; मोठ्या बाईला आमच्यात बू म्हणतात. वय झालं होतं, नजर अधू झाली होती. एंडाहला हाताला धरून पीस खोचायला शिकवलं ते याच बू पार्तींनी. आई गेल्यावर ती त्यांच्याच घरी जेवून मोठी झाली.

नव्या लीडरांना घडवायला जकार्ताहून पाक हेंद्रो, म्हणजे हेंद्रोसाहेब, आले. बूट चकचकीत, दात त्याहून चकचकीत.

"चूक दिसली की त्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं," ते म्हणाले, "डोळ्याला डोळा भिडवायचा आणि स्पष्ट सांगायचं. तिथल्या तिथे! आणि ईदपर्यंत टोपली रिकामी झाली नाही, तर ती कुणामुळे भरते ते नाव लीडरने मला द्यायचं. तो माणूस ईदनंतर कामावर नसेल."

एंडाह बू पार्तींसमोर जाऊन उभी राहिली. डोळ्याला डोळा भिडवला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला.

"बू," ती म्हणाली, "जेवलात?"

"जेवले, न्दुक, पोरी. तू?"

"मीही जेवले."

आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात बू पार्तींच्या जेवणाची जेवढी चौकशी झाली, तेवढी त्यांच्या नवऱ्याने जन्मात केली नसेल.

मग एक दिवस तपासणीवाल्याने अख्खी टोपली आमच्या टेबलावर आणून ओतली. एंडाहचा चेहरा लालेलाल झाला. ती बू पार्तींकडे वळली, तिथून तशीच पुढे वळली आणि टेबलाच्या टोकाला असलेल्या रिकाम्या खुर्चीवर तुटून पडली. ती खुर्ची लग्न करून सेमारांगला गेलेल्या एका पोरीची.

"ही पिसं आहेत की झाडूच्या काड्या? लक्ष कुठे असतं तुझं? टेबलाचं नाव घालवायचं ठरवलंयस का?"

खुर्ची काही बोलली नाही. पण आमचे सगळ्यांचे हात जरा सावरले. लेकी बोले सुने लागे. मीसुद्धा माझी दोन शटल गुपचूप उसवून पुन्हा बांधली. संध्याकाळी टोपली निम्म्यावर आली.

तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीची खरडपट्टी निघायला लागली. पाक हेंद्रो काचेआडून बघत होते. ते धावतच बाहेर आले.

"वा! याला म्हणतात डोळ्याला डोळा!"

"साहेब, खुर्चीला डोळे नाहीत," मी म्हणाले.

"मग तर आणखीच अवघड," ते म्हणाले, आणि दुसऱ्या टेबलांच्या लीडरांना बघायला घेऊन आले. त्यानंतर प्रत्येक टेबलाला एकेक रिकामी खुर्ची मिळाली. माणसांना बसायला खुर्च्या कमी पडल्या, पण हू की चू केलं नाही कुणी.

इशारा कळला नाही तो एकट्या बू पार्तींना. त्यांना खुर्चीचीच दया यायची. त्यांनी तिच्यावर उशी आणून ठेवली. सुट्टीत तळलेल्या टेंपेचा, सोयाबीनच्या वडीचा, तुकडा केळीच्या पानावर तिच्यापुढे ठेवायच्या. "बिचारी," म्हणायच्या, "एवढं ऐकून घेते, पण उलटून बोलत नाही." हळूहळू सगळ्याच जणी तिच्याशी मऊ बोलायला लागल्या. रमजान लागल्यावर दुपारी तिच्यापुढे चहा ठेवायचा की नाही यावरून भांडण झालं. शेवटी खुर्ची रोजा धरते असं ठरलं.

ईद आली. टोपलीत माल उरायचाच, आणि उरलेला सगळा एकाच हातचा.

"दे बाई ते नाव," मी एंडाहला बाजूला घेऊन म्हणाले. "भीड ही भिकेची बहीण. त्यांना वाचवता वाचवता तू सगळं टेबल बुडवशील."

"बू मुर्नी, त्यांच्या हातचा भात आहे माझ्या पोटात," ती म्हणाली आणि पाक हेंद्रोंच्या खोलीत गेली. मी दाराशीच होते.

"कुणामुळे?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीमुळे."

त्यांनी काचेतून खुर्चीकडे बघितलं. पण लीडरच्या निर्णयावर शंका घ्यायची नाही, हा त्यांचाच धडा. "हरकत नाही," ते म्हणाले. "खुर्ची ईदनंतर नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी. बायका रडल्या. मला एंडाहच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या, आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

ईदनंतर कारखान्याच्या अंगणात दरवर्षीसारखे सगळे माफी मागायला जमले. धाकट्यांनी मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, उघड झालेल्या आणि मनात राहिलेल्या चुका पोटात घाला म्हणायचं. मी तपासणीवाल्याचीसुद्धा मागितली, दात-ओठ खात. खुर्ची फाटकाजवळ, भंगारवाल्याच्या गाडीची वाट बघत उभी. माफी मागून झाली तरी घरी कुणी जाईना. सगळ्या एंडाहकडे बघत होत्या. निरपराध खुर्चीला कामावरून काढलं होतं तिने.

एंडाह पुढे झाली. खुर्चीपुढे गुडघे टेकले, मान खाली घातली. कुणी हसलं नाही.

बू पार्ती गर्दीतून पुढे आल्या आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "रिकामी नाहीये."

एंडाहने वर बघितलं. ओठ हलले. "बू," ती म्हणाली, "जेवलात?"

"जेवले. पुढे बोल."

"तुमची पिसं..." तिला हुंदका आला. "तुमची पिसं तिरकी बसतात, बू. तुम्हाला दिसत नाही."

बू पार्तींनी मान डोलावली, मांडीवरची पिशवी उघडली आणि आतून चष्मा काढला. नवा कोरा. काखेत कळसा!

"हा कधीचा?" माझ्या तोंडून निघालंच.

"ही लीडर झाली त्याच आठवड्यातला. मुलाने करून दिला."

"मग घातला का नाही?"

"तसा कसा घालणार? लोक म्हणाले असते, लीडरला जे दिसलं नाही ते हिला दिसलं. पोरगी नवीन लीडर, तिची शोभा झाली असती." त्यांनी एंडाहच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हटलं, ती सांगेल त्या दिवशी घालीन."

फाटकाबाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. कुणी लक्ष दिलं नाही. बू पार्तींनी चष्म्याच्या काड्या कानांवर नीट बसवल्या, एंडाहचा चेहरा दोन्ही हातांनी वर केला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "किती वाळलीस तू."