कोपरावरचं निळं ठिगळ

पावाच्या कापांना लोणी लावता लावता तोरुननं सुरी खाली ठेवली आणि दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. हाल्वोरला मूठमाती देऊन आलेली माणसं प्रार्थनाघराच्या दालनात ओले कोट काढून बसत होती. आता कॉफी फिरेल, कुणीतरी कपावर चमचा वाजवेल आणि मग बेटावरच्या रिवाजाप्रमाणे एकेकानं उभं राहून गेलेल्या माणसाची आठवण सांगायची. पहिला मान घरच्यांचा. हाल्वोरला ना बायको ना मूल; घरचं म्हणजे ही एकटी धाकटी बहीण.

"काय बोलू गं आत्या? जन्मभर तोंडाला कुलूप लावून बसला तुझा भाचा."

बोर्गहिल्ड आत्या नव्वदीला टेकली होती, तरी तपकिरी चीजच्या चकत्या कागदासारख्या पातळ काढत होती. "फुगवून काही सांगू नकोस. उठून बसेल तो पेटीत."

तोरुनला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. तिनं बाहीनं नाक पुसलं.

"बाबांच्या मांडीवरची गोष्ट सांगते. निदान ती तरी आमच्या घरातली आहे."

ती गोष्ट बेटावर सगळ्यांना तोंडपाठ होती. संध्याकाळी सहाला टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक पाणमांजराचं बाहुलं लाकडी होडीतून टपाल वाटत हिंडायचं. तोरुन बाबांच्या मांडीवर बसून ते बघायची. शनिवारी गोळ्यांची वाटी मिळे, आठवड्यातून तेवढीच, आणि त्यातल्या लाल गोळ्या सगळ्या तिच्या. बाबांच्या टोचऱ्या स्वेटरला माशाच्या तेलाचा वास यायचा. कोपरावर निळं ठिगळ होतं, ते मात्र मऊ होतं, म्हणून ती गाल नेमका तिथं टेकायची. फेब्रुवारीच्या वादळात बाबांची बोट गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. बापाची म्हणून तिच्याजवळ एवढीच पुंजी, आणि ती तिनं जिवापाड जपली होती. स्वतःच्या लग्नात सांगितली, नाताळात पोरांना सांगितली. दर वेळी हाल्वोर मध्येच उठून शेगडीत लाकूड सारायला जायचा. कंटाळला असेल, असं ती समजायची.

आत्यानं चीज बाजूला सारलं.

"डोंगरावर टीव्हीचा मनोरा कधी उभा राहिला, ठाऊक आहे तुला?"

"मी लहान होते तेव्हा कधीतरी."

"तुझा बाप बुडाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. उद्घाटनाला अख्ख्या गावाचे वॅफल मीच भाजले. त्याआधी या बेटावर एकाही घरात टीव्ही नव्हता, तोरुन."

तोरुननं लोणी लावलेला काप उचलला, पुन्हा जागेवर ठेवला.

"पण ते ठिगळ, आत्या. मला ठिगळ आठवतं."

"मीच घातलंय ना. स्वेटर तुझ्या बापाचाच. हाल्वोर घालायचा, बाह्या दुमडून. मासे कापायच्या शेडमध्ये गळात अडकून स्वेटरचं कोपर फाटलं. करडी लोकर संपली होती, म्हणून निळी लावली." आत्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. "तुझी आई संध्याकाळच्या पाळीला जायची. तो सतरा वर्षांचा घोडा, सगळी पोरं धक्क्यावर धिंगाणा घालायची आणि हा घरी बसून तुझ्याबरोबर बाहुली बघायचा. काय चिडवायची त्याला!"

"मग बोलला का नाही? तू का नाही बोललीस?"

"तुझ्या लग्नात बोलणारच होते. त्यानं मागच्या दारात अडवलं मला. म्हणाला, राहू दे आत्या, तिच्याकडे बापाचं दुसरं काय आहे?"

तोरुन खुर्चीवर बसली. एका दिवसात तिचे दोघंही गेले होते. बाबांचा चेहरा आठवायचा तिनं प्रयत्न केला. भिंतीवरच्या फोटोपलीकडे काही येईना. आणि हाल्वोरला तर ती साधं थँक्यूसुद्धा म्हणाली नव्हती. ती तोंडावर हात दाबून रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाहेर कपावर चमचा वाजला.

ती दालनात जाऊन उभी राहिली. पुढच्या बाकावर तिची मुलं होती. आई कोणती गोष्ट सांगणार, ते त्यांनी आधीच ओळखलं होतं. धाकटी तर आत्ताच ओठ हलवत होती.

"संध्याकाळचे सहा वाजले," तोरुन म्हणाली, "की हाल्वोर मला मांडीवर घ्यायचा."

धाकटीचे ओठ थांबले. मागच्या बाजूला कुणीतरी शेगडीत लाकूड घालायला उठलं. ते घालून तो माणूस जागेवर बसेपर्यंत तोरुन थांबली, आणि मग स्वेटरबद्दल सांगू लागली.