आतड्याचा स्वभाव

माझी थोरली बहीण इन्शिराह आणि तिचा नवरा शहाता मनझला नावाच्या मोठ्या तळ्यावर मासे धरतात. शहाता लहानपणी कालव्यात डुंबायचा. आमच्याकडची सगळीच पोरं डुंबायची. त्या पाण्यातल्या किड्यांनी त्याच्या मूत्राशयात घर केलं आणि चाळिशी ओलांडल्यावर तिथेच कॅन्सर निघाला. शहरातल्या डॉक्टरांनी मूत्राशय काढलं, त्याच्याच लहान आतड्याचा हातभर तुकडा घेऊन त्याची पिशवी शिवली आणि जुन्या जागी बसवली.

शहाता वाचला, पण एक काम मागे लागलं. पिशवी लघवी साठवायची खरी, तरी शेवटी ते आतडंच. आतून चिकट बुळका सोडायचं काही ते थांबेना. त्यानं लघवीची वाट बुजू नये म्हणून रबरी नळी घालून पिचकारीनं पिशवी मिठाच्या पाण्यानं धुवावी लागे. शहाता हे एकटाच करायचा. इन्शिराह मदतीला गेली की खेकसायचा, "मी काय तान्हं बाळ आहे?"

वर्षं गेली तसा बुळका कमी झाला. डॉक्टर हनान तपासणीत म्हणाल्या होत्या, "आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. लघवीत राहून त्याची लव झडते, ते सपाट होतं, बुळका घटतो. पण धुणं सोडू नका." शहातानं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात दोघं पहाटे नावेतून जाळी उचलायला गेले. ऊन वर यायच्या आत धुकं उतरलं. बोरूच्या बेटांमधली वाट दिसेना. इंजिन चालवलं तर पंखा जाळ्यात अडकायचा, म्हणून बांबू रोवून दोघं बसून राहिले. हाताएवढ्या अंतरावरचं पाणीसुद्धा दिसत नव्हतं.

शहातानं भाकरी खाल्ली नाही. चहा तळ्यात ओतून दिला.

"काय होतंय?" इन्शिराहनं विचारलं.

"काही नाही."

"मग वाकून का बसलायस?"

तो म्हणाला, "सकाळपासून थेंब नाही आलेला."

तिनं त्याच्या बेंबीखाली हात ठेवला. पोट दगडासारखं लागलं. पिशवी तुंबून फाटली तर विष पोटभर पसरतं, हे ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात दोघांनाही बजावून सांगितलं होतं. फोनला रेंज नव्हती. इन्शिराहनं ओरडून हाका मारल्या. कुठून तरी एक हाक उलट आली, पण कुठल्या बाजूनं ते कळेना.

"नळी कुठाय?"

"डब्यात. पण मला हे जमायचं नाही." त्यानं हात पुढे केले. बोटं थंडीनं आखडून गेली होती.

मासे खारवायला आणलेलं जाडं मीठ होतं, प्यायचं पाणी होतं. इन्शिराहनं किटली रिकामी केली, नावेतल्या स्टोव्हवर पाणी उकळलं, त्यात मीठ घातलं, नळी आणि पिचकारी त्यातच बुडवून काढली. पाणी कोमट होईपर्यंतचा वेळ तिला सरता सरेना. शहाता दात आवळून पडला होता.

"मी कधी पाहिलं नाहीये," ती म्हणाली. "तू सांग, मी करते."

"तेल लाव. सरळ धर. आत जाताना अडली तर जोर नको, थांब."

नळी अडली. ती थांबली. "श्वास सोड," ती म्हणाली. "जाळं ओढताना सोडतोस तसा." त्यानं सोडला आणि नळी आत सरकली. तरीही काहीच येईना.

"पाणी घाल. थोडंच. लगेच ओढ."

तिनं घातलं, ओढलं. पिचकारी रिकामीच आली. पुन्हा घातलं. शहाता कळवळला, "बस्स, फाटतंय!"

"ओरड हवं तेवढं. या धुक्यात बघायला कोण आहे?" असं म्हणत तिनं पुन्हा ओढलं. आता पिचकारीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा लांबलचक गोळा आला, आणि त्याच्यामागून लघवीची धार नावेच्या तळाशी पडू लागली. शहाता रडत होता. इन्शिराहचे ओले हात मांडीवर तसेच राहिले होते.

धुकं विरल्यावर त्यांनी नाव थेट धक्क्याला लावली आणि बसनं शहर गाठलं. डॉक्टर हनाननी दुर्बीण घालून पाहिलं. एका जागी अस्तर लालसर दिसलं, म्हणून तुकडे काढून तपासायला पाठवले.

"जुनाच रोग परत आला का?" शहातानं विचारलं.

"रिपोर्ट आल्याशिवाय मी बोलणार नाही."

ते दिवस दोघांनी कसे काढले ते मी पाहिलंय. शहाता जाळी विणायला घ्यायचा आणि उसवायचा. इन्शिराह माझ्याकडे येऊन मुकाट कांदे चिरत बसायची.

रिपोर्टच्या दिवशी मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. लाली साचलेल्या लघवीमुळे आली होती. काही जागी अस्तर सपाट झालंय, नव्या कामाला रुळलंय. काही जागी मात्र मखमल तशीच आहे. इतकी वर्षं झाली तरी ते आतडं जेवण यायची वाट बघतंय आणि बुळका सोडतंय."

"मालकावर गेलंय," इन्शिराह म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "धुणं चालू ठेवा. आणि दरवर्षी आत डोकावून बघायचं. बदललेल्या अस्तराचा भरवसा धरता येत नाही."

"कधीपर्यंत?" शहातानं विचारलं.

"जन्मभर."

बसथांब्यावर शहातानं संत्री घेतली, एक सोललं आणि अर्धं इन्शिराहच्या हातावर ठेवलं.

"त्या दिवशी नावेत तू घाबरली होतीस?"

"आणि तू?"

बस येईपर्यंत तो संत्र्याच्या फोडींवरचे दोरे काढत राहिला.