एरंडोल्याचे दात

“आजी, तोंड जरा उघडून धरा ना त्याचं, मला आतलं काहीच दिसत नाहीये,” डॉक्टर मयुरी तिसऱ्यांदा म्हणाली.

“कोनी उघडावं व माय?” नर्मदाबाई म्हणाल्या. “ज्याच्या हातानं उघडे, तो मानूस गेला न.”

टेबलावर एरंडोल्या चारी पाय रोवून उभा होता. बारा वर्षांचा तांबडा गावठी कुत्रा, एका कानाचं टोक लहानपणीच गेलेलं. तीन दिवस झाले, त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डावा गाल सुजला होता. नर्मदाबाईंनी ओठाला नुसतं बोट लावलं तसा तो गुरगुरला, आणि गुरगुरल्याची लाज वाटून लगेच त्यांचाच हात चाटायला लागला. शेवटी डॉक्टरने भूल दिली, आणि नर्मदाबाई बाहेर बाकावर पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

आता कुत्र्याचं नाव एरंडोल्या कसं, तर कंडक्टरच्या कुत्र्याला असलंच नाव पडणार. नर्मदाबाईंचा नवरा गुलाब यावल डेपोत कंडक्टर होता. रिटायर व्हायला वर्ष उरलं असताना धुळ्याहून येणाऱ्या त्याच्या गाडीत एरंडोलच्या स्टँडवर एक पिल्लू चढलं, शेवटच्या सीटखाली झोपलं आणि थेट यावलला उतरलं. एस.टी.त कुत्रं चालत नाही, पण कंडक्टरच सामील झाल्यावर बोलणार कोण! ड्रायव्हर तोताराम तेवढा म्हणाला, “भो, याचं तिकीट?” गुलाब म्हणाला, “त्याना पास शे.”

गुलाब मूळचा शिंदखेड्याचा. यावलला पस्तीस वर्षं काढली, पण पठ्ठ्याची अहिराणी काही सुटली नाही. नर्मदाबाई इकडच्या, यावलच्याच. लग्न झाल्यापासून त्या त्याच्या ‘आहे’ला ‘शे’ म्हणण्याची टिंगल करत आल्या. “बोला, बोला, काय काय शे ते सांगा,” असं त्या म्हणायच्या, आणि तो हसायचा. हसला की बोळकं दिसायचं, कारण तंबाखूपायी पंचेचाळिशीतच त्याचे सगळे दात गेले होते. जळगावला जाऊन कवळी करून आणली. तेव्हापासून दाताची किंमत त्याला जी कळली, ती दात असणाऱ्याला कुठून कळायची?

म्हणून तर त्याने त्या कुत्र्याच्या दातांचा ध्यास घेतला. रोज सकाळी ओट्यावर बसायचं, तांब्याभर पाणी घ्यायचं, आणि जुन्या बनियनची ओली चिंधी बोटाला गुंडाळून एरंडोल्याचे दात पुसायचे. एकेक दात, पुढून मागून. अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. नर्मदाबाई आत चहा ठेवत असायच्या. बाहेरून खर्र खर्र आवाज यायचा, मग गुलाबचं पुटपुटणं यायचं.

“मानसानं कुत्र्याचे दात घासावे का?” त्या आतूनच ओरडायच्या. “लोकं हसतात न!”

“हसू दे,” तो म्हणायचा. “हसाले त्यास्ना दात शेतस ना अजून!”

आणि एक ताकीद तो रोज द्यायचा. “त्याले गोड दिऊ नको व. दात किडतीन.”

आठ महिन्यांपूर्वी गुलाब गेला. एरंडोल्या चार दिवस उंबऱ्यावर पडून राहिला, पाण्यालाही उठेना. घर माणसांनी भरलेलं, आणि नर्मदाबाईंचं लक्ष उंबऱ्याकडे. एक गेला, आता हाही जातो का? पाचव्या दिवशी त्यांनी दुधात केळं कुस्करलं, वर गुळाचा खडा फोडून टाकला आणि वाटी त्याच्या नाकाशी धरली. त्याने खाल्लं. आनंदाने बाईंना रडूच फुटलं. मग तीच वाटी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. यावलमध्ये केळ्यांना काय तोटा! भाकरी सुटली, दात पुसणं तर सुटलंच होतं. बाई मायेने भरवत राहिल्या आणि तो मायेने खात राहिला.

“दोन दाढा काढल्यात,” डॉक्टर मयुरी बाहेर येऊन म्हणाली. “पण बाकीच्यांवरही कीट चढलंय, हिरड्या खराब आहेत. रोज ओल्या फडक्याने पुसा. माणसांची पेस्ट नको, गोड एकदम बंद. पंधरा दिवसांनी बघू. साफ राहिले तर वाचतील. नाहीतर पुन्हा भूल देऊन काढावे लागतील, आणि आजी, खरं सांगते, या वयात दुसरी भूल त्याला सोसेलच असं मी म्हणणार नाही.”

जळगावच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षात एरंडोल्याचं गुंगीतलं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. “मीच खाल्ले व बापा तुझे दात,” त्या त्याला म्हणाल्या. त्या माणसाची अकरा वर्षांची मेहनत आपण आठ महिन्यांत केळ्यात कालवली, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. पण एरंडोल्या चिंधी दिसली की तोंड मिटायचा ते मिटायचाच. पुण्याहून मुलाने, राजदीपने, कुत्र्यांचा खास ब्रश आणि कोंबडीच्या वासाची पेस्ट पाठवली. एरंडोल्याने पेस्ट तेवढी चाटली. सातव्या दिवशी तोताराम मदतीला आला.

“वहिनी, दोरीनं बांधू. मी धरतो, तुमी घासा.”

दोरी पाहून एरंडोल्या उभ्या जागी मुतला आणि खाटेखाली जाऊन थरथरत बसला.

“राहू द्या भाऊ,” नर्मदाबाई म्हणाल्या. “चोर थोडीच हाये तो.”

बारावा दिवस उजाडला. आता तीनच दिवस उरले. नर्मदाबाईंना वाटलं, नवऱ्याचीच एखादी जुनी चिंधी सापडली तर? तिला त्यांच्या हाताचा वास असेल. त्यांनी गुलाबची पेटी उघडली. खाकी कपडे, बिल्ला, शिट्टी, तळाशी बनियनच्या चिंध्यांची गुंडाळी, आणि तिच्याखाली स्टीलची डबी.

डबीत कवळी होती. “आई, गेलेल्या माणसाचे दात कोणी घरात ठेवतं का?” असं राजदीप तेव्हा म्हणाला होता, आणि पाटाच्या पाण्यात सोडली म्हणून त्यांनी त्याला खोटंच सांगितलं होतं. कवळी सुकली होती, वर धूळ बसली होती. हा माणूस कवळी धुतल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही.

त्या ओट्यावर आल्या. तांब्या घेतला, गुलाबचा जुना ब्रश घेतला आणि कवळी घासायला बसल्या. खर्र, खर्र.

खाटेखाली नखं वाजली. एरंडोल्या बाहेर आला, त्यांच्या डाव्या बाजूला येऊन शहाण्यासारखा बसला आणि कवळीकडे बघत राहिला. आपली पाळी कधी येते याची वाट बघत असल्यासारखा.

नर्मदाबाईंचा हात थांबला. अरे देवा! तो खर्र खर्र आवाज कवळीचा होता. आधी स्वतःचे दात, मग याचे. अकरा वर्षं आपण चुलीपाशी तो आवाज ऐकला, पण चार पावलं बाहेर येऊन एकदा बघितलं नाही. थट्टा तेवढी केली.

त्यांनी कवळी बाजूला ठेवली आणि बोटाला चिंधी गुंडाळली. एरंडोल्याने तोंड मिटलेलंच ठेवलं, पण तो पळाला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. अजून काहीतरी राहिलं होतं. काय राहिलं होतं ते बाईंना पाठ होतं. रोज आत ऐकू यायचं.

“मना दात गयात रे भो,” नर्मदाबाई म्हणाल्या. टिंगल सोडून जन्मात पहिल्यांदाच त्या गुलाबच्या बोलीत बोलत होत्या, आणि हसू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. “मना दात गयात. तुना तरी राहू दे.”

एरंडोल्याने आ केला.

त्यांनी एकेक दात पुसला, पुढून मागून. जिथे दाढा नव्हत्या तिथून बोट हलकेच पुढे नेलं. रस्त्याने जाणारा तोताराम थबकला. “वहिनी, कसं काय जमलं व?”

“गप ऱ्हाय भाऊ,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “अजून मागचे राहिले.”

सगळं झाल्यावर त्यांनी हात धुतले. कवळी मात्र पेटीत परत ठेवली नाही. स्टीलच्या पेल्यात ताजं पाणी भरलं, कवळी त्यात सोडली आणि पेला खिडकीत ठेवला, गुलाब असताना असायचा त्याच जागी. उद्या सकाळी लागणार होती.