ऐंशी किलोचा भीमसिंग

दोन वर्षं भीमसिंगच्या डोक्यात एकच चित्र होतं. घरगाडीत ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसायचं आणि आर्णीपासून गोव्यापर्यंत रस्ता अंगावर येताना बघायचा. त्यासाठीच त्यानं जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, कपाट बसवलं. सामान लादलं तेही स्वतः, नजरेच्या मापानं. वाडवडील बैलाच्या दोन्ही अंगाला सारख्या गोण्या लादून मुलूख फिरले. अशा घराण्याला काटा कशाला?

तरी गाडी डावीकडं कलायची. शेवटी मुलानं, सुनीलनं, ती जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर आणली. मागं कापसाचे ट्रॅक्टर, पहिलाच त्यांच्याच तांड्यातल्या रामलालचा.

"ज्याची जागा जिथं, तिथंच बसा," काटेवाले पंजाबराव म्हणाले. "आधी डावी चाकंच काट्यावर घ्या."

डावी बाजू अठराशे चाळीस किलो. मग उजवी, सोळाशे ऐंशी.

"पाण्याची टाकी कोन्या अंगाला हाये?"

"डाव्या," सुनील म्हणाला. "दोनशे लिटर."

लादताना टाकी रिकामी होती. पूर्वज पाणी लादत नसत, पाण्याजवळ मुक्काम करत. पाण्यालाही वजन असतं, हे भीमसिंगच्या हिशेबात आलंच नव्हतं.

"एकशे साठ लिटर सोडून द्या. न्हाई तं तुमी उठून उजव्या अंगाला बसा. वजन किती तुमचं?"

"ऐंशी."

"मंग जमलंच! इकडचे ऐंशी गेले, तिकडं ऐंशी चढले."

"सोडा नं पानी," उजवीकडच्या पलंगावरून त्याची बायको रामीबाई म्हणाली. "समोर बसाले मरून राह्यले नं?"

भीमसिंगनं सोडलंही असतं. पण 'तांड्याच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी पिणार नाही' असं हाच गडी महिनाभर पारावर सांगत होता. आणि रामलाल ट्रॅक्टरवरून मान लांब करून बसलेला.

"भीमसिंगभाऊ, उघडू का नळ?" रामलालनं विचारलं.

"हात नको लावू!"

भीमसिंग पुढची सीट सोडून मागं गेला. पलंगापलीकडं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये पेटी होती, तिच्यावर बसला. गुडघे हनुवटीला, खिडकी कपाटाआड.

दोन्ही बाजू सतराशे साठ.

"आता गोव्यापावतर हालू नका!" पंजाबरावांनी हात केला.

रस्ता चालला आहे, हे भीमसिंगला फक्त खड्ड्यांवरून कळत होतं. तासाभरानं त्यानं पाणी मागितलं. लगेच दुसरा पेला, मग तिसरा. चौथ्याला रामीबाईनं त्याच्याकडं निरखून पाहिलं.

"टाकी पिऊन खाली करता का? करा. पन संडासाची टाकी बी डावीकडंच लावली तुमी."

पाचवा पेला भीमसिंगनं नुसताच हातात धरला.