बारावा बेडूक आणि मी

“तुमचा बेडूक या खोलीबाहेर कोणी खेळतं का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारला नववीतल्या एका मुलीने. तोही भर खोलीत, आपल्या आईबाबांच्या साहेबांना! तिला घरीदारी सगळे भोंगा म्हणतात. ‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. आता भोंगाला डिवचायचं म्हणजे काय, विचारा!

मी तेव्हा टेबलावरच होते. मी एक जुनी जॉयस्टिक आहे. काळा दांडा, लाल बटण, तळाला रबराचे चार पाय. आता तीनच उरलेत. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या याच कंपनीत माझा जन्म झाला. माझ्या वायरींना कंपनी काढणाऱ्या थोरल्या साहेबांनी स्वतः डाख दिला. त्यांचा हात सरकला त्याचा भाजल्याचा डाग अजून माझ्या पोटाशी आहे.

थोरल्या साहेबांचा नियम एकच. नवा गेम तयार झाला की आसपासची आठ मुलं बोलवायची, मला एकेकाच्या हातात द्यायचं आणि विचारायचं काहीच नाही. फक्त घड्याळ बघायचं. दहा मिनिटांच्या आत मुलांनी मला खाली ठेवलं, की गेम कचऱ्यात. मग तो कोणी दोन वर्षं खपून केलेला का असेना! चांगले धट्टेकट्टे इंजिनियर जिन्यात बसून मुसमुसायचे. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा भारी मजा यायची.

मग आला उड्या मारणाऱ्या बेडकाचा गेम. मुलं मला सोडेचनात. एकाच्या हातातून तर मला ओढून घ्यावं लागलं, तो चावलाच! बेडकाने कंपनीला तीन मजली इमारत दिली. मला सगळे ‘लकी’ म्हणू लागले, आणि तिथेच घात झाला. त्या आठ मुलांनाही सगळे लकीच म्हणू लागले. बेडकाचा दुसरा भाग आला तेव्हा तीच आठ, पाचव्यालाही तीच. थोरले साहेब गेले, मुलांना मिशा फुटल्या, पोटं सुटली, चष्मे लागले. तरी खोलीच्या दारावर पाटी तीच : ‘मुले’.

आज बारावा बेडूक होता. अकरावा दुकानांतून खोकीच्या खोकी परत आला होता. हा चालला नाही तर कंपनीला कुलूप, असं त्यांच्या मुलाने, म्हणजे धाकट्या साहेबांनी, सांगूनच टाकलं होतं. भोंगाचे बाबा या तपासणीच्या खोलीचे प्रमुख. आई एकोणीस वर्षं बेडकाची चित्रं काढते. म्हणजे घरातल्या दोन्ही नोकऱ्या त्या बेडकाच्या पाठीवर.

आठही ‘मुलांनी’ मला दहा-दहा मिनिटं धरलं. चहा पीत, डोळे पुसत. “अगदी लहानपण आठवलं हो!”

तेवढ्यात भोंगाचा तो प्रश्न.

धाकटे साहेब कोरडं हसले. “मग तूच खेळ की, बाळा.”

बाबांनी मला तिच्या हातात दिलं. वाकून कुजबुजले, “दहा मिनिटं तरी धर गं.”

तिने चौथ्या मिनिटाला मला खाली ठेवलं. बाबांनी मला उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं. तिने पुन्हा ठेवलं.

“आजकालच्या पोरांना धीरच नाही,” आठांतला टकला म्हणाला. हाच तो चावरा.

“काका, अकरावा घरी खेळलात?”

“मुलाला दिला होता.”

“मग?”

“कपाटावर आहे,” तो कपातल्या चहाला म्हणाला.

धाकटे साहेब उठले. “बेडूक बंद. सहा महिन्यांत काही नवं निघालं तर बघू, नाहीतर कुलूप. आणि ही जॉयस्टिक खाली दारापाशी काचेच्या पेटीत ठेवा. आठवण म्हणून.”

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मी म्हणणार नाही. मला इतकं जपलं म्हणूनच हे झालं. मला आपटा, उघडा, घासून घासून माझं बटण मोडा. पण आवडलं नाही तर खाली ठेवा. काचेतून मला कोण खाली ठेवणार?

खोलीत भोंगा आणि तिचे आईबाबा, तिघंच उरली. आईने आपल्या चित्रांच्या कागदांची गुंडाळी घट्ट धरली होती. “चारच मिनिटं?”

“तीनच खेळले, आई. चौथं तुझं चित्र बघत होते.”

आई हसली नाही.

भोंगाने मला वायरीसकट कडेवर घेतलं. “बाबा, आई, मी ठरवलंय. ही पेटीत जाणार नाही. दर शनिवारी मी येणार, वर्गातल्या सात जणी आणणार. आवडलं नाही की खाली ठेवणार, तुम्ही केलेलं असलं तरी. आणि मी अठराची झाले ना, की त्याच दिवशी मला या खोलीतून हाकलायचं. मी रडले तरी.”