अंजिरी चिंध्या

बोरतळ गावात कानबाई देवीचा पाट एकदा बाईच्या डोक्यावर चढला की पाण्याला टेकल्याशिवाय खाली उतरत नाही. वाटेत सर आली, पायात काटा मोडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी नाही. नदीच्या डोहात देवी बुडवायची, मग त्याच डोहातली मूठभर वाळू रिकाम्या पाटावर घरी आणायची. चिमूटभर गव्हाच्या कोठीत टाकायची, उरलेली वावरात फेकायची. कानबाईच्या नावानं दळलेल्या गव्हाचे रोट चुलीजवळ झाकून ठेवलेले असतात, पण वाळू घरात येईपर्यंत कोणी त्यांचा घास मोडत नाही. बाकीच्या कितीतरी रिती बोरतळानं गुंडाळून ठेवल्या. ही तेवढी राहिली, आणि ती राहिली ताईबाईसारख्या बायकांमुळे.

श्रावणातला तो सोमवार. रात्रभर गाणी म्हणून बायकांचे घसे बसले होते, तरी डफ वाजायला लागला तशी फुगडी थांबेना. गावात चार घरच्या कानबाया, पण पुढे मान ताईबाईच्या घरचा. बासष्ट वर्षांची बाई, कालपासून उपाशी, डोक्यावर पाट. पाटावर गव्हाची रास, तिच्यावर नथ घातलेला नारळ, दोन्ही बाजूंना दिवे. नवरा निंबा गुडघ्यांपायी ओट्यावरच बसून राहिला होता. सून मेघा आरतीचं ताट घेऊन शेजारून चालत होती, आणि मुलगा किरण पांढरा सदरा-लेंगा घालून पुढे.

किरणचा ताईबाईला मोठा अभिमान. तो धरणगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात जलसुरक्षा शिकवतो. पाणी, जंगल, कचरा, शाश्वत शेती, असं सगळं. त्याचं एक भाषण मेघानं मोबाइलवर लावून दाखवलं तेव्हा ताईबाईनं पदर डोळ्याला लावला होता. 'नदी ही आपली आई आहे,' असं तो त्यात म्हणाला होता. कॉलेज करून तो घरची सहा एकर केळीही बघायचा. केळी परदेशात जायची, म्हणून घडाला डाग पडू नये यासाठी प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवायची. पिशवी वर दांड्याला बांधावी लागते. ज्याची त्याची फीत वेगळी. सरपंच प्रेमराजची लाल-पिवळी, चुडामणची काळी. किरणनं फीत आणलीच नाही. ताईबाईनं स्वतःचं जुनं अंजिरी लुगडं फाडून चिंध्या करून दिल्या. सुती चिंधी दांड्याला काचत नाही, असं तिचं म्हणणं. पिशव्या बांधायलाही ती स्वतः वावरात जायची. निंबानं पहिल्या केळीच्या पैशात घेतलेलं लुगडं ते. फाडताना तिला वाईट वाटलं, पण वावरासाठीच चाललंय म्हणून तिनं मनाची समजूत घातली होती.

मिरवणूक बाभळीच्या वळणावरून उतरली आणि डफ आपोआप बंद पडला.

डोह निळा झाला होता. आभाळ उतरल्याचा निळा नव्हे, पिशव्यांचा. बंधाऱ्याच्या भिंतीपासून पार पिंपळाच्या मुळांपर्यंत पिशव्यांचा थर, त्यात केळीचे कुजके खांब, औषधांच्या बाटल्या, ठिबकच्या सडक्या नळ्या. आषाढात आलेल्या पुरानं वरचं सगळं खाली लोटलं होतं आणि बंधाऱ्यानं ते अडवून धरलं होतं. पाणी कुठंतरी खाली असावं, कारण वास येत होता. याच डोहाच्या जिवावर काठची गावविहीर भरायची. गेल्या उन्हाळ्यात तिनं तळ दाखवला, तेव्हा गावानं पावसाला शिव्या घातल्या होत्या. पावसाला! पाऊस बिचारा येऊन गेला होता, पण हाच कचरा तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला तुंबलेला, त्याला जमिनीत शिरायला यांनी जागा ठेवली नव्हती.

काठावर सरपंच प्रेमराज हात जोडून उभा होता. त्याच्यामागे निळ्या प्लास्टिकचा मोठा ड्रम, त्याला झेंडूची माळ, आणि आत नळाचं पाणी. ग्रामपंचायतीची सोय!

"अक्का, तठे नका जाऊ. आठे बठ्ठी सोय करेल शे," प्रेमराज म्हणाला.

ताईबाईनं ड्रमकडे बघितलं. पाटाखालची तिची मान ताठ झाली.

"प्रेमराज, जो ड्रममा तू फवारानं औषध कालवस, त्यामा देवले बसाडस?"

"धुयेल शे अक्का. नवा शे जवळजवळ."

"मंग तुन्ही मायले बसाड त्यामा."

मागच्या बायका फिसकन हसल्या, पण ताईबाई हसली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा याच डोहातून ती तांब्यानं पाणी भरायची, आणि तळाची वाळू मोजता यावी इतकं ते स्वच्छ असायचं. आता देवीला ड्रम! उद्या म्हणतील बादली आणा, परवा म्हणतील नुसतं पाणी शिंपडा.

"हाई कोनी टाकं?" ती ओरडली.

झालं, सगळ्या गावानं कानांवर हात ठेवले. चुडामण म्हणाला, "वरना गावना कचरा शे हाऊ." दुसरा म्हणाला पुरानं आणला. तिसऱ्यानं सरकारला बोल लावला, कारण सरकार तिथं हजर नव्हतं. प्रेमराजनं सकाळी जेसीबी लावायचं कबूल केलं. ही सकाळ नेमकी कुठल्या महिन्यातली ते सांगितलं नाही.

मग किरण पुढे झाला. गावात बोलताना तो कॉलेजातलीच भाषा बोलतो.

"हे बघा, यात कुणा एकाचा दोष नाही. ही सामूहिक उदासीनता आहे. आपण सगळ्यांनी जाणीव-जागृती केली पाहिजे. मी विद्यार्थ्यांचा एक प्रकल्पच घेतो या डोहावर." आणि त्यानं मोबाइल काढून डोहाचे चार फोटो घेतले.

ताईबाईला तेवढ्यानंही बरं वाटलं. निदान आपला मुलगा तरी या कानाडोळा करणाऱ्यांतला नाही. तिनं पाय रोवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "ज्यानी टाकं त्यानी काढो. पानी दिसत नही तवपावत पाट उतरनार नही."

"अक्का, ऊन चढी राह्यनं," कोणीतरी म्हणालं.

"चढू दे."

मागच्या तीन घरच्या बायकाही आपापले पाट घेऊन थांबल्या. म्हातारा वना काठी घेऊन काठाशी गेला, आणि उगाच बघावं म्हणून त्यानं एक पिशवी ओढली. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी, अशी चिखलानं लडबडलेली माळच बाहेर आली. वनानं ती काठीनं उचलून धरली. पिशवीच्या तोंडाला एक गाठ होती. चिखल ओघळला तसा गाठीचा रंग दिसला. अंजिरी.

ताईबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि डोक्यावरचं ओझं एकाएकी दुप्पट झालं. ती गाठ तिची होती. डाव्या हाताची, दोन वेढ्यांची, आईनं शिकवलेली. काठाला जरीची एक तारही शिल्लक होती. वनानं दुसरी माळ ओढली, तीही अंजिरी. तिसरी ओढली. मेघानं ताटावरची नजर वर केली नाही.

चोर सापडला की गावाला किती हलकं वाटतं!

"किरण," ताईबाई म्हणाली. "हाई मन्हं लुगडं शे."

किरणची कॉलेजातली भाषा कुठल्या कुठे पळाली. "माय, मी नही टाकं. मजूरस्नी टाकं. मी त्यास्ले म्हणं, वावरना बाहेर कोठेतरी टाकी या."

"कोठेतरी?"

"माय, आठे नही, आपले घर जाऊन बोलू."

"कोठेतरी म्हंजे कोठे रे? हाई कोठेतरीच शे ना?" तिनं हनुवटीनं डोह दाखवला. "तठे पोरेस्ले काय शिकाडस तू? नदी आपली माय शे? मायना तोंडमा मन्ह्या चिंध्या कोंबस?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि इथं तर पाषाणाच्या लेंग्याला इस्त्रीसुद्धा होती. ताईबाईला रडू येत होतं, पण पाट हलेल म्हणून तिनं ते गिळलं. गावावर ओरडताना किती सोपं होतं सगळं. गाठ तर आपणच मारली होती! पिशव्या कापून झाल्यावर त्या जातात कुठं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. वावर साफ दिसलं, तिचं समाधान झालं. तिला स्वतःचाच राग आला.

"उतर पानीमा," ती म्हणाली.

"मी सांजले मानसं लावस—"

"उतर."

किरण उतरला. गुडघाभर, मग कमरेपर्यंत. पांढरा लेंगा काळा झाला. तो पिशव्या ओढू लागला आणि वना काठावर त्यांचा ढीग घालू लागला. अंजिरीच्या मागून एक लाल-पिवळी आली. मग तिच्या मागून अशा वीस आल्या. प्रेमराज झेंडूची माळ सारखी करण्यात गुंतला होता. मेघा ताट खाली न ठेवताच म्हणाली, "सरपंच, ह्या तुमच्या." मग चुडामणच्या काळ्या फिती निघाल्या, 'वरच्या गावातून' आलेल्या. आता घरोघरच्या फिती बाहेर पडायला लागल्या, आणि ज्याची निघेल त्याला काठावर उभं राहणं अवघड झालं. एकेक जण लेंगा वर खोचून उतरला. प्रेमराज सगळ्यांत शेवटी.

ताईबाई उभीच होती. मेघानं तिचा एक हात धरला होता. दिवे विझले, पुन्हा लावले. पोटऱ्यांत गोळे आले. दोन वेळा तिचा तोल गेला आणि मागच्या बायकांनी तिला सावरलं. पाट कोणी दुसऱ्यानं घ्यावा असं सुचवायची कोणाची छाती झाली नाही. कलत्या उन्हाला पिंपळाच्या मुळाशी खाटेएवढं पाणी उघडं पडलं. काळं, साय धरलेलं, पण पाणीच.

ताईबाई त्यात उतरली. पाट टेकवला. नारळ खाली गेला, गहू पसरला, कणकेचे दिवे हळूच कलंडले. मागच्या तिघींनीही आपापले पाट टेकवले. बायकांनी गाणं म्हटलं, पण चालीत जोर नव्हता. मग रीतीप्रमाणे ताईबाईनं वाकून तळातली वाळू ओंजळीत घेतली आणि पाटावर ठेवली.

वाळूत निळे तुकडे होते. नखाएवढे, तांदळाएवढे, काही त्याहून बारीक. तिनं ती ओंजळ टाकून दुसरी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक ओंजळ तशीच.

वाळूचा पाट घेऊन ती घरी आली. ओट्यावर निंबानं पाटाकडे बघितलं, मग बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि पाय आखडून तिला वाट करून दिली. कोठीचं झाकण तिनं स्वतः काढलं. किरण चिखलाच्या कपड्यांतच धावत आला.

"माय, हाई नको टाकू. मी गाडीवर जास, अर्धा घंटामा तापीवरथीन चांगली वाळू लयी येस. नही तर चाळनी तरी लाव."

"नदी जे देस ते घर लयी जावानं," ताईबाई म्हणाली. "तापीले आपन काय दिन्हं की ती आपले वाळू दी?"

तिनं चिमूटभर नाही, पाटावरची अर्धी वाळू घेतली आणि निळ्या तुकड्यांसकट गव्हात सोडली. मेघाच्या तोंडून आवाज निघाला. ताईबाईनं कोपरापर्यंत हात घालून गहू खालीवर केला आणि झाकण लावलं.

"उरेल वाळू तू वावरमा टाकी ये," तिनं पाट किरणच्या हातात दिला. "आनि सकायपासून हाऊ गहू तूच निवडशी. एकेक दाना. वर्षभर. मजूर लावाना नही."

मग ती चुलीजवळ बसली, रोटावरचं फडकं काढलं आणि पहिला रोट किरणच्या ताटात वाढला. तो तुकडा मोडून तसाच हातात धरून बसला होता.

"खा," ती म्हणाली. "हाऊ मांगला वर्षना गहू शे. यामा काही नही."